आम्ही गाडीला वळण लावतो

“सर, शाळेच्या फाटकातून गाडी बाहेर काढताना तुम्हाला इतक्या वेळा मागेपुढे का करावं लागतं?”

हा प्रश्न माझा नव्हता. म्हणजे तोंड माझं होतं, पण प्रश्न मागच्या बाकावरच्या दोघींचा होता. एकीला आम्ही भोंगा म्हणतो आणि दुसरीला चिमटा, कारणं सांगायला नकोत. भौतिकशास्त्राचे सर त्या दिवशी कसे कोण जाणे खुशीत होते. “कुठलाच प्रश्न मूर्ख नसतो, विचारा काय ते,” असं बोलून बसले. लगेच चिमट्याने मला कोपर मारलं. “हिंमत असेल तर तो फाटकाचा विचार.”

आता, मागच्या वर्षापर्यंत मी हजेरीच्या वेळी इतक्या हळू ‘हजर’ म्हणायचे की सर मला गैरहजर मांडायचे आणि मला ते खोडून काढायचंही धाडस व्हायचं नाही. पण यंदा दहावीत आल्यापासून माझं काहीतरी झालंय. आई म्हणते, वय. बाबा म्हणतात, संगत. माझ्या मते मला माझा आवाज सापडलाय आणि तो बराच मोठा निघालाय. तर मी उभी राहिले आणि खणखणीत विचारून मोकळी झाले.

वर्ग असा गप्प झाला की वरच्या पंख्यालाही आपण करकरतोय याची लाज वाटली असावी.

सरांनी खडू खाली ठेवला. “कारण माझ्या गाडीचं स्टिअरिंग जड आहे. कारण फाटक अरुंद आहे. आणि कारण तेव्हा तुम्ही सगळे खिडकीत लटकून बघत असता.” एवढं बोलून ते हसले, आणि इथेच मला धोका कळायला हवा होता. “तुला एवढी आस्था आहे, तर सोमवारी स्टिअरिंग कसं चालतं यावर वर्गासमोर बोल. फळा तुझा.”

भोंगा इतक्या जोरात हसली की शेजारच्या वर्गातून शिपाई बघायला आला.

अपमान झाला की माणसं काय काय करतात. काही रडतात, काही शाळा बदलतात. मी बॅटरी घेऊन आमच्या गाडीखाली शिरले.

आमची गाडी माझ्याहून वयाने मोठी आहे आणि घरात तिचा मान त्याच हिशेबाने आहे. बाबा विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासतात. दिवसभर चेपलेल्या गाड्यांचे फोटो बघून त्यांची अशी ठाम समजूत झालीय की जगात गाडी चालवता येणारा माणूस एकच उरलाय आणि तो रोज सकाळी त्यांच्याच आरशात दाढी करतो. माझे पाय गाडीबाहेर दिसल्याबरोबर ते धावत आले.

“काय तोडतेस?”

“तोडत नाही, बघतेय. बाबा, स्टिअरिंग वर गोल फिरतं, मग खाली चाकं आडवी कशी वळतात?”

“असतं काहीतरी आत,” बाबा म्हणाले. 

ते काहीतरी मी शोधून काढलं. स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला एक छोटं दातेरी चाक असतं. ते एका आडव्या दातेरी पट्टीवर बसलेलं असतं. चाक फिरलं की पट्टी डावी-उजवीकडे सरकते आणि दोन्ही बाजूंच्या दांड्यांनी पुढची चाकं ओढते. त्यातही गंमत अशी की दोन्ही चाकं सारखी वळत नाहीत. वळणाच्या आतल्या बाजूच्या चाकाला लहान गोल कापायचा असतो, म्हणून त्याला जास्त वळावं लागतं. बाहेरचं थोडक्यात सुटतं. मी हे संध्याकाळी जेवताना उत्साहाने सांगितलं, तेव्हा आई पोळी वाढता वाढता म्हणाली, “म्हणजे घरासारखंच की.” बाबांनी पाण्याचा ग्लास मागितला.

आणि मग तीच म्हणाली, “त्या जड स्टिअरिंगपायीच मी गाडी सोडली. खांदा भरून यायचा.”

आईकडे परवाना आहे हे मला माहीत होतं, पण तो कपाटातल्या लग्नाच्या शालूसारखा, फक्त अधूनमधून उन्हाला काढायचा. आई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दुकानाच्या मालकीणबाईंनी शहराबाहेर नवी शाखा काढली होती आणि आईला विचारलं होतं, सगळी शाखा तू सांभाळशील का? तिकडे बस जात नाही. बाबांचं ऑफिस बरोबर उलट्या दिशेला. महिनाअखेर उत्तर द्यायचं होतं.

“त्यात काय, नाही सांगून टाक,” बाबा मायेनेच म्हणाले. बाबांची माया नेहमी अशी ‘टाक’ने संपते.

आईने ताटातला भात एवढा कालवला की त्याचा लगदा झाला. मी ठरवलं, गाडी खालून बघून भागणार नाही. गाडीला वळण लावायला हवं.

सोमवारी मी बोलले. आधीच्या गाड्यांना गोल स्टिअरिंग नव्हतंच, होडीसारखा नुसता दांडा होता. मग गोल चाक आलं, पण फिरवायला पैलवान लागे. मग कुणीतरी तेलाचा पंप जोडला, त्याच्या दाबाने चाकं हलकी झाली. मग तेल गेलं आणि विजेची मोटर आली. तुम्ही स्टिअरिंग जरासं फिरवलं की आतली एक बारीक सळी किंचित पिळली जाते. किती आणि कुठल्या बाजूला पिळली ते यंत्र मोजतं आणि मोटर त्याच बाजूला जोर लावते. आणि आता तर अशाही गाड्या निघाल्यात की स्टिअरिंग आणि चाकांमध्ये दांडाच नाही. मधे फक्त तारा. तुम्ही स्टिअरिंग फिरवून फक्त निरोप धाडायचा, चाकं तो वाचून वळतात.

“आणि निरोप पोचलाच नाही तर?” चिमट्याने विचारलं.

“म्हणून दोनदोन तारा असतात, बाई. तुझ्यासारखी एकच मैत्रीण ठेवत नाहीत.”

वर्ग टाळ्या वाजवत होता आणि सर त्यांच्या गाडीकडे खिडकीतून खिन्नपणे बघत होते. माझ्या डोक्यात मात्र मामाची गाडी उभी राहिली होती.

मामाची गाडी आमच्याच गाडीची धाकटी बहीण, काही वर्षांनंतरची. तिचं इंजिन कधीच बसलंय आणि मागच्या सीटवर मांजरीचं बाळंतपण झालंय. पण तिला मोटरवालं स्टिअरिंग आहे! मी फोन केला. मामा म्हणाला, “ने की. मांजरीला काही स्टिअरिंग लागत नाही.” मामा आईचा धाकटा भाऊ, त्यामुळे बाबांच्या गाडीत काहीतरी होणार म्हटल्यावर त्याला आणखीच उत्साह आला.

राहिले बाबा. बाबांना मी पटवलं नाही, बाबांना पटवता येत नाही. मी फक्त म्हणाले, “मामा म्हणतो, तुझ्या बाबांना नाही जमायचं.” दुसऱ्या दिवशी बाबा स्वतः जाऊन स्टिअरिंग घेऊन आले.

ते पायरीवर ठेवलं मात्र, सगळी इमारत तज्ज्ञ झाली. खालच्या मजल्यावरचे काका, ज्यांना आम्ही सल्लागार काका म्हणतो, गुडघ्यावर बसून त्याच्याकडे असे बघू लागले जणू ते आजारी आहे. “मोटरबिटर काही नको. टायरमध्ये हवा ठासून भरा, स्टिअरिंग लोण्यासारखं फिरतं.” पहिल्या मजल्यावरच्या काकांनी सुचवलं, ट्रकचं मोठं चाक बसवा. दोघांचं त्यावरून जुंपलं आणि शेवटी दोघांनी मिळून ठरवलं की गाडीच विकावी. एवढ्यात वरच्या काकू जिन्यातून उतरल्या, माझे तेलकट हात बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

“दहावीचं वर्ष आणि ही कळकट! पोरीला काही वळण लावलंय की नाही?”

“तेच चाललंय, काकू,” मी म्हणाले. “फक्त गाडीला आधी.”

काकू तडक आईकडे तक्रार घेऊन गेल्या. आईने त्यांना चहा दिला, त्यांचा चष्मा पुसून दिला आणि परत पाठवलं.

बाबा पडले दावेवाले. त्यांना कागदावर शिक्का असल्याशिवाय झोप येत नाही. म्हणून आम्ही वाहन कार्यालयात गेलो. खिडकीमागच्या गृहस्थांनी मान वर न करता विचारलं, “बदल कसला? रंग, इंधन की मालक?”

“स्टिअरिंग,” मी म्हणाले.

“रंग बदलला का?”

“नाही.”

“मग बदल नाही.”

“अहो, पण स्टिअरिंग बदलतंय!”

त्यांनी मान वर केली. बहुधा त्या दिवसातली पहिलीच वेळ. “मालक तोच ना? मग स्टिअरिंग कोणाच्या हातात आहे याच्याशी सरकारला काय करायचंय?”

मला हे वाक्य फार मोठं वाटलं, पण बाबा तोवर पुढच्या खिडकीला गेले होते. पुढच्या खिडकीने आणखी पुढे पाठवलं, त्या खिडकीने जेवायला जाऊन येतो म्हणून सांगितलं, आणि दिवस मावळेपर्यंत आम्ही पुन्हा पहिल्याच खिडकीसमोर होतो. म्हणजे कार्यालयाचं वळणही फार तंग होतं, एका जागी पूर्ण गोल! अखेर बाबांनी सगळे नियम तोंडपाठ म्हणून दाखवले, तेव्हा खिडकीमागच्या गृहस्थांनी सुटका म्हणून तारीख दिली. स्टिअरिंग बसवून गाडी आणा, अधिकारी मैदानात चालवून बघतील, मग शिक्का.

मेकॅनिकला आम्ही ‘होऊन जाईल’ म्हणतो, कारण तो दुसरं काही म्हणत नाही. हे स्टिअरिंग या गाडीत बसेल का? होऊन जाईल. तारा जुळतील? होऊन जाईल. गाडीचं वाटोळं तर नाही ना होणार? होऊन जाईल. त्याने एक दिवस खटपट केली, आणि आम्ही दोघं समोर बाकावर बसून राहिलो, इस्पितळात बसतात तसे. शेवटी त्याने एक यंत्र जोडलं आणि हाक मारली, “साहेब, आता याला शून्य शिकवायचं. स्टिअरिंग सरळ पाहिजे.”

“मी धरतो,” बाबा म्हणाले आणि सीटवर जाऊन बसले. तेवढ्यात भोंग्याचा फोन आला आणि मी बाहेर गेले. माझ्या आयुष्यातल्या या सगळ्यात महागड्या गप्पा ठरल्या.

संध्याकाळी गाडी इमारतीच्या आवारात उभी राहिली. बाबा म्हणाले, हात जरा सोडले की डावीकडे पळते, पण एवढं चालायचंच. सगळे जमले होते. आईने नवी ओढणी घेतली होती. ती गाडीत बसली, किल्ली फिरवली. तिने अजून स्टिअरिंगला हातही लावला नव्हता, आणि ते आपलं आपण फिरायला लागलं! सावकाश, निवांत, डावीकडे. टोकाला जाऊन थांबलं आणि तिथे हट्टी पोरासारखं गुरगुरत बसलं.

आईने दोन्ही हात वर केले, चित्रपटात पोलीस आल्यावर करतात तसे.

“काहीतरी शिरलंय गाडीत,” वरच्या काकू म्हणाल्या.

“मांजर असेल,” पहिल्या मजल्यावरचे काका म्हणाले.

“मी हवा भरा म्हणत होतो,” सल्लागार काका म्हणाले.

बाबांनी खिडकीतून हात घालून स्टिअरिंग उजवीकडे ओढलं. ते शांत झालं. बाबांनी हात काढला. ते पुन्हा डावीकडे निघालं. “बघा,” बाबा सगळ्यांकडे वळून म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात दुःख होतं असं मी शपथेवर सांगू शकणार नाही, “माझ्याशिवाय ऐकतच नाही ती.”

आई गाडीतून उतरली. “जाऊ दे,” ती मला म्हणाली. “उद्या नाही सांगून टाकते त्यांना.” 

आईच्या तोंडी ते ‘टाक’ ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं, स्टिअरिंगपेक्षा वेगाने. मी जिन्यात बसून विचार केला. यंत्र सळीचा पीळ मोजतं. पीळ नाही म्हणजे शून्य. हात लावला नाही तर पीळ कसला? मग त्याला डावा पीळ दिसतोच कसा? मी ‘होऊन जाईल’ला फोन लावला.

“काका, शून्य शिकवताना स्टिअरिंग कोणी धरलं होतं?”

“साहेबांनी. म्हणाले, सरळ ठेवायचं ना, मी ठेवतो. चांगलं घट्ट धरलं होतं.”

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमची गाडी वर्षानुवर्षं थोडी डावीकडे ओढते. बाबा ती दुरुस्त करून घेत नाहीत, कारण त्यांच्या मते सरळ जायचं म्हणजे थोडं उजवीकडे ओढूनच धरायचं असतं. ही त्यांची नुसती सवय नाही, हे तत्त्वज्ञान आहे. ‘सरळ धरा’ म्हटल्यावर त्यांनी तसंच धरलं, जोर लावून. यंत्र बिचारं नवं. त्याने मानलं, हेच ते शून्य. म्हणजे बाबा ओढताहेत तोवर सगळं ठीक, आणि बाबांनी सोडलं की कुणीतरी डावीकडे ओढतंय!

मी धावत वर गेले आणि जाहीर केलं, “बाबांचा जोर म्हणजेच शून्य असं शिकलीय गाडी!”

आई हसत सुटली. इतकी, की तिला खाली बसावं लागलं. बाबांनी दोनदा विचारलं की यात हसण्यासारखं काय आहे, आणि तिला सांगताच येईना.

दुसऱ्या दिवशी गाडीची चाकं सरळ करून घेतली आणि शून्य पुन्हा शिकवलं. या वेळी बाबांना मी बाकावर बसवलं आणि त्यांच्या दोन्ही हातांत चहाचा एकेक कप दिला. गाडीने सगळं शहाण्यासारखं ऐकलं. आईने एका बोटाने स्टिअरिंग फिरवलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी तिच्या कुठल्याही फोटोत बघितलेलं नाही. दुकानाला नाही सांगणं तेवढं तपासणीपर्यंत लांबलं.

तपासणीच्या मैदानात लाल शंकू मांडले होते. त्यांच्यामधून आठाचा आकडा काढायचा. अधिकारी माझ्या शेजारी मागे बसले. बाबा सवयीने चालकाच्या दाराशी गेले होते. आई म्हणाली, “अहो, तिकडून.” ते गाडीला वळसा घालून तिच्या बाजूला बसले आणि त्यांनी पट्टा लावला, आवाज होईल असा.

आई निघाली. पहिलं वळण सुरेख. दुसऱ्या वळणावर बाबा म्हणाले, “उजवीकडे, उजवीकडे,” आणि त्यांचा हात आला.

नुसता आला. त्यांना कळलंही नसेल. पूर्वी ते जुनं जड स्टिअरिंग त्या हाताने फारसं हलत नसे, हलायची ती आई. पण मोटरला हात कोणाचा ते कळत नाही. जो ओढेल त्याच्या बाजूने ती जोर लावते, सल्लागार काकांसारखी. गाडी उजवीकडे अशी झेपावली की एक शंकू खाली गेला, दुसरा बॉनेटवरून उडाला आणि अधिकाऱ्यांचं पेन माझ्या वेणीत अडकलं.

गाडी थांबली. अधिकारी सावरून म्हणाले, “या गाडीचा चालक कोण आहे?”

“मी,” आई म्हणाली.

“मी,” बाबाही म्हणाले.

“मग दोन स्टिअरिंग बसवून आणा,” अधिकारी म्हणाले. “नापास.”

आईने इंजिन बंद केलं. समोर बघत म्हणाली, “उतरा.”

“अगं, मी फक्त आधार...”

“अहो, माझा खांदा कधीच दुखत नव्हता. गाडी सोडली ती या हातापायी.”

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बाबांना बोलता आलं असतं. त्यांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा दावा त्यांच्या टेबलावर आलाय. मग पट्टा सोडून ते उतरले आणि भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. मला वाईट वाटलं. थोडंसं. पण मी तेवढ्यासाठी थांबणार नव्हते.

“साहेब,” मी म्हणाले, “चालकाची चूक झाली तर नापास, बरोबर? इथे चूक चालकाची नाही, सामानाची आहे. सामान उतरवलंय. पुन्हा घ्या.”

“ही कोण?” त्यांनी आईला विचारलं.

“माझी मुलगी.”

“वकील आहे?”

“दहावीत आहे,” मी म्हणाले. “आणि तुमचं पेन माझ्याकडे आहे.”

त्यांनी घड्याळ बघितलं, वेणी बघितली, सुस्कारा सोडला आणि दार ओढून घेतलं. “चला, बाई.”

आईने आठ काढला. मग न सांगता आणखी एक काढला. माझ्या मते दुसरा आठ सरकारसाठी नव्हता. शिक्का बसला, आणि तिने मैदानातूनच दुकानाच्या मालकीणबाईंना फोन लावला. “हो,” ती म्हणाली. “हो, मीच. एक तारखेपासून. गाडी आहे माझी.” बाबा ‘माझी’ या शब्दाशी थोडे अडखळले, पण मागच्या सीटवर बसले. घरी येईपर्यंत त्यांनी एकदाही ‘उजवीकडे’ म्हटलं नाही. फक्त प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा हात सीटवर थोडा सरकत होता. मी त्यावर माझा हात ठेवला. प्रेमाने नव्हे, खबरदारी म्हणून. बरं, थोडं प्रेमानेही.

रात्री जेवताना बाबांचा सूर परतला. भात वाढून घेता घेता ते म्हणाले, “एक आहे. गाडी हलकी झाली तरी नियम तेच. पहिले काही महिने मी शेजारी बसेन, तुझ्या आईच्या सोबतीला. आणि तुला अठरा पूर्ण झाली की तुलाही मीच शिकवणार. आईला तरी कोणी शिकवलं? मीच ना?”

आईने माझ्याकडे बघितलं. मी पाणी प्यायले, ग्लास खाली ठेवला आणि वर्गात फळ्यासमोर वापरला होता तोच आवाज काढला.

“मी ठरवलंय,” मी म्हणाले. “अठरा पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी गाडी शिकणार. आईकडून. बाबा, तुम्हाला यायचं असेल तर जरूर या, मागे बसा आणि दोन्ही हातांत एकेक कप धरा.”